वरच्या मजल्याचं पाणी

१२ एप्रिल
शकीला आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू विशाखा, दोघींनी मिळून गच्चीवर कुरडया घातल्या. संडासाचा उभा पाइप गच्चीतच उघडतो, त्याचा वास कुरडयांना लागेल, अशी शकीलाची तक्रार. पाइपावर पत्र्याचा डबा उपडा घातला, वर प्लास्टिक, तारेनं आवळला. अकरा मिनिटांत काम फत्ते. पस्तीस वर्षं दौलताबादला शाळेत पोरांना मराठी शिकवलं, पाइप काय चीज आहे.

१६ एप्रिल, सकाळी ७.१०
आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. न्हाणीच्या जाळीतून गुडगुड. मागोमाग भयंकर वास. शकीला म्हणाली, काही मेलंबिलं का बघा. मी बघितलं नाही. मला कळलं होतं: वरचे लोक.

१७ एप्रिल
पुरावा मिळाला. वर बादली ओतली की सात सेकंदांत खाली गुडगुड. विशाखाच्या नवऱ्याला, सत्यमला विचारलं, न्हाणीत काय ओतता? म्हणाला, सर, पाणी. इतकं लगेच उत्तर कोण देतं? नक्की कुरडयांचा उरलेला चीक असणार.

१९ एप्रिल
आजपासून रीतसर नोंद. न्हाणीत स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसलो. वरच्या बादल्या: ६.४०, ६.५५, ७.०२. यातली ७.०२ची म्हणजे निव्वळ खोडसाळपणा.
परवा शकीलाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून विशाखा दिवसातून चारदा येऊन थेंब घालते. आज ती वाकली तेव्हा हळूच तिचा हात हुंगला. साबणाचा वास. म्हणजे पुरावा धुऊनच आली होती.

२२ एप्रिल
अबुजर प्लंबरला बोलावलं. जाळी काढून म्हणाला, "चाचा, जाळीखालचं वास अडवणारं पाणी खेचल्या जातंय, म्हणून वास येतोय. हवेचा पाइप कुठं दबलाय का? गच्चीवर जाऊ द्या." विशाखानं कालच घातलेल्या नव्या कुरडयांत बूट घालून? साफ नाही म्हटलं. जाताना जिन्यात सत्यमशी हसून बोलला. दोघं मिळालेले आहेत.

२६ एप्रिल
सत्यमला तोंडावर सांगितलं: काय ओतता ते कबूल करा, नाहीतर दुसरी खोली बघा. मला वाटलं, कबूल करेल. तो म्हणाला, बरं सर.
शकीला रडली. म्हणाली, "त्या पोरीनं माझे डोळे सांभाळले, अन् तुम्ही तिच्या बादल्या मोजत बसले." डॉक्टरांनी रडू नका सांगितलंय, याची आठवण करून दिली. जास्तच रडली.

३० एप्रिल
दोघं गेले, उस्मानपुऱ्यातल्या खोलीत. गुडगुड जवळजवळ बंद. म्हणजे मीच बरोबर होतो. वास आहे, पण तो मागचा साठलेला असावा.
थेंब आता मी घालतो. पहिला गालावर. दुसरा कानात.

२ मे
वास वाढला. जाताना मुद्दाम काहीतरी करून गेले असतील. शकीला बोलत नाही. संशय अबुजरवरही आहे, पण दुसरा प्लंबर माहीत नाही.

४ मे
विशाखानं जाण्याआधी घातलेल्या शेवटच्या कुरडया वाळल्या, उतरवल्या. आता अबुजरला अडवायला कारण उरलं नाही. त्यानं गच्चीवर जाऊन डबा काढला. वरचे सगळे नळ सोडले. खाली गुडगुड नाही. जाळीत दोन तांबे पाणी ओतलं. दुपारपर्यंत वास गेला.
त्यानं विचारलं, डबा कुणी लावला? म्हटलं, हल्ली माकडं लई झालीत. "माकडं तारेला पीळ देतात का, चाचा?" म्हणाला. उद्धट आहे.

६ मे
उस्मानपुऱ्याला गेलो. दोघांनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हटलं, पाइपात बांधकामापासूनचा दोष निघाला, खोली तुमचीच आहे, सामान कधी आणता? सत्यम म्हणाला, "इथंच बरंय सर. इथं कुणी काही विचारत नाय." विशाखानं शकीलाच्या डोळ्यांचं विचारलं. थेंब झोपवून घाला, म्हणाली.
घरी येऊन शकीलाला झोपवलं, थेंब घातले. बरोबर डोळ्यात पडले. ती तशीच डोळे मिटून पडून राहिली. बऱ्याच दिवसांनी बोलली. म्हणाली, "येणार का पोरगी?"
म्हटलं, सत्यम विचार करून सांगतो म्हणाला.
तो असं काही म्हणाला नव्हता.