टॉवेल कोणी पाठवायला सांगितला होता?

दादा,

तक्रारीसोबत पंचांना नमुन्याचा टॉवेल कोण पाठवतं रे?

परदेशी गिऱ्हाइकाच्या बँकेने तुझ्या कागदांत खोट काढून पैसे अडवले, म्हणून तू आमच्या पंचमंडळाकडे आलास. इथवर ठीक. पण एलसीच्या, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीच्या, भांडणात माल कुणी बघत नाही. बँकही नाही, पंचही नाहीत. सगळे कागद बघतात. इतकी वर्षं निर्यात करून हे तुझ्या डोक्यात शिरू नये? पानंच्या पानं तू सुताचा आणि घराण्याच्या सचोटीचा पोवाडा गायलास. वर शेवटची ओळ: 'माझी सख्खी बहीण तुमच्यातच आहे, तिला विचारा.' फर्म वहिनीच्या नावावर, त्यामुळे तिथवर वाचेपर्यंत मला पत्ताच नव्हता. मग सगळ्यांदेखत या निवाड्यातून उठून बाहेर यावं लागलं.

आता या प्रकरणावर तुझ्याशी अवाक्षर बोलायची मला बंदी आहे. आणि तू आईला सांगत फिरतोस, बहिणीने पाठ फिरवली.

अरे, बँकेने खोट कळवली तीच मुळी कळवायची मुदत उलटल्यावर. उशीर झाला की खोट खरी असली तरी बँकेला पैसे द्यावेच लागतात. बँकेचं ते तारखेचं पत्र तूच जोडलं आहेस, आणि मुद्दा मात्र मांडलाच नाहीस. न मांडलेला मुद्दा पंच स्वतःहून उकरत नाहीत. पुरवणी द्यायला उद्यापर्यंत वेळ आहे.

आई मघाशी म्हणाली, "दोन शब्द सांगून टाक ना त्याला." मी उठून हे पत्र लिहायला बसले. हे पत्रही निकालानंतरच टाकीन, म्हणजे काही उपयोग नसताना.

टॉवेल खरंच मऊ आहे, दादा.

तुझी,
पाठ फिरवलेली धाकटी