मा साहेबांचं नाव लाल रंगात

दानचॉन, ३ मार्च

चि. सौ. ओकबुन हिस, जॉमसुनताईचे तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेलं शेवाळ पोचलं. तीन पाण्यांतून धुतलं तरी दाताखाली वाळू येतेच. हेपोची माणसं समुद्रासकट पार्सल करतात असं शेजारची फिलसुन म्हणाली. मासे विकून विकून तिची जीभही धारदार झालीय. माझं अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. दोनच वर्षं झाली लिहायला शिकून, आणि शिकवणाऱ्या यांगबाई म्हणतात म्हाताऱ्यांच्या वर्गात माझाच हात सगळ्यात वळणदार.

आता खरी बातमी. आमचा बास्केटबॉलचा संघ, सारस, दानचॉन सोडून निघालाय. आणि जातोय कुठे, तर तुमच्या हेपोला! तुमच्याकडे समुद्रकाठी नवं कोरं क्रीडागृह झालंय, आणि आमच्याचं छप्पर गळतं. मागच्या महिन्यात सामना पाऊण तास थांबवून एवढाले लांबच लांब खेळाडू फरशी पुसत होते. संघाची मालक ती राजधानीतली, सोलची कंपनी. तिचे अध्यक्ष मा साहेब म्हणतात महानगरपालिका छप्पर करत नाही, महापौर म्हणतात यंदा जमणार नाही. एप्रिलच्या अखेरीस निकाल.

तू म्हणशील, सत्त्याहत्तराव्या वर्षी ताईला चेंडूचं काय वेड. अगं, तुझे भावोजी गेले त्यानंतर आठ महिने मी कुणाशी मोठ्यानं बोलले नव्हते. भिंतीकडे बघत भात खायचा आणि ताट विसळायचं. फिलसुननं एका शनिवारी ओढतच सामन्याला नेलं. तिथे पंचानं काहीतरी चुकीचं दिलं म्हणे, मला कळलंही नाही काय, पण सगळ्यांबरोबर मी असा आवाज चढवला की पुढच्या रांगेतला माणूस टोपी सावरत वळून बघायला लागला. घरी येऊन दोन वाट्या भात खाल्ला. तेव्हापासून एक शनिवार चुकवला नाही. संघ गेला तर शनिवारी परत ती भिंतच आहे.

तेव्हा आमच्या वर्गानं ठरवलंय, गप्प बसायचं नाही. फलक लिहायचे. लिहिता येतंय ते कशाला मग?

तुझ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्याला शेक दे. माया आहे तशीच ठेव, वाळू मात्र कमी पाठव.

तुझी ताई

हेपो, ९ मार्च

ती. ताईस, ओकबुनचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं अक्षर बघून मी हसले नाही, रडले. मग शेवाळाचं वाचलं आणि राग आला. फिलसुनला सांग, फुकटच्या शेवाळातली वाळू मोजू नये.

ताई, तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगते. इथे संघ यावा म्हणून बाजारात सह्या घेत होते, त्यात मीही सही केली. ओरडू नकोस, आधी पुढचं वाच. संघ इथे आला तर तूही येशील असं मला वाटलं. मागची खोली रिकामीच आहे, खिडकीतून बोटी दिसतात. हे म्हणतात, ताई आल्या तर पत्ते खेळायला तिसरं माणूस मिळेल. तू त्या घरात एकटी जेवतेस हे आठवलं की मी वाढलेलं ताट बाजूला सारते. तुझे सारस तुझ्यामागून येतील की तू सारसांमागून, मला काय, तू ये म्हणजे झालं.

रागावलीस तरी पत्र लिही. रागाची पत्रं तू जास्त लांब लिहितेस.

तुझीच, ओकबुन

दानचॉन, १९ मार्च

चि. ओकबुन हिस, आशीर्वाद, पण या खेपेला अर्धेच. वि. वि.

सख्खी बहीण आणि शत्रूकडे सही! फिलसुनला वाचून दाखवलं तर म्हणाली, घरभेदी असावी तर अशी, निदान कबूल तरी करते. तुझी खोली, बोटी सगळं कळलं. त्याबद्दल नंतर. आधी माझ्या हातून काय झालंय ते ऐक.

परवाच्या सामन्याला मा साहेब स्वतः येणार अशी बातमी होती. सगळ्यांनी फलक केले. कुणाचा "छप्पर करा", कुणाचा "सारस इथलेच". मला वाटलं, माणसाला नावानं हाक मारली की माणूस थांबतो. म्हणून सहा हात कापड घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, "मा ग्यूहाक साहेब, जाऊ नका". एकही अक्षर चुकलं नाही! आणि रंग घेतला लाल. आपल्या सारसाच्या डोक्यावर लाल टोपी, खेळाडूंचे सदरे लाल, माझा रुमालही लाल. दुसरा रंग सुचेलच कसा?

अगं, जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहीत नाहीत, लाल नाव मेलेल्याचं, हे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणते. आई किती ओरडायची तुला, वहीवर लाल पेन्सिल दिसली की. पण तो दंडक लिहिणाऱ्यांचा होता. मी पंचाहत्तर वर्षं कुणाचं नावच लिहिलं नव्हतं, माझ्या हाताला तो दंडक ठाऊकच नव्हता. मी आणि फिलसुननं कापड ताणून धरलं, कॅमेरा आमच्यावर आला, समोरच्या मोठ्या पडद्यावर आम्ही दोघी दिसलो, मी खुशीत हात हलवला. आणि सगळं क्रीडागृह चिडीचूप. चेंडू आपटल्याचा आवाज तेवढा येत होता. मग यांगबाई पायऱ्यांवरून धावत आल्या. मा साहेब दुसऱ्या डावाआधीच उठून गेले.

आता जो तो म्हणतो, म्हातारीनं कंपनीच्या अध्यक्षाचं मरण मागितलं. जो जाणारच होता त्याला मीच दार उघडून दिलं गं. दोन दिवस जेवण गेलं नाही. काय करू ते कळव.

जॉमसुन

हेपो, २३ मार्च

ती. ताईस, नमस्कार. वि. वि.

टीव्हीवर पाहिलं. हात काय छान हलवत होतीस! यांनी हसून हसून चहा सांडला आणि मग घाबरून टीव्हीच बंद केला. बाजारात बायका मला म्हणाल्या, तुमच्या बहिणीनं आमचं काम फत्ते केलं, आता संघ आमचाच. मी त्यांना काय सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माझी सही खोडायला गेले होते, पण खोडता येत नाही म्हणाले.

ताई, उपाय तुझ्या हातातच आहे. चुकीचं लिहिलंस तर बरोबर लिही. त्यांचं नाव काळ्या शाईत लिही, शंभर वेळा, दोनशे वेळा, आणि स्वतः नेऊन दे. माणूस मोठा असो की लहान, स्वतःचं नाव एवढं निगुतीनं लिहिलेलं कोण परत करतं? आणि जेव. उपाशी माणसाचं अक्षर बिघडतं.

तुझीच, ओकबुन

दानचॉन, २ मे

चि. सौ. ओकबुन हिस, या खेपेला पुरेपूर आशीर्वाद, मागचे अर्धेही धरून. वि. वि.

उशीर झाला, पण निकालाशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सारस राहिले! पाच वर्षांसाठी राहिले!

तू सांगितलंस तसं केलं. दोनशे वेळा "मा ग्यूहाक", दोन वह्या, सगळं काळ्या शाईत. फिलसुनला घेऊन बसनं सोल गाठलं. कंपनीच्या दारावरचा पहारेकरी आत सोडेना. फिलसुन त्याला म्हणाली, बाबा, हिनं एकदा त्यांचं नाव लिहिलं तर सगळा देश हादरला, तुझं नाव काय रे? तो मुकाट्यानं फोन लावायला गेला. आणि मा साहेब स्वतः खाली आले, किरकोळ माणूस, टाय वाकडा. मी वाकून वाकून माफी मागितली. ते म्हणाले, आजी, माझा यावर विश्वास नाही. मग हळूच म्हणाले, पण बायकोनं तीन दिवस गाडीची किल्ली लपवली होती, आणि आयुष्य वाढावं म्हणून आठवडाभर दोन्ही वेळा लांबच लांब शेवयाच खातोय. वह्या त्यांनी उभ्या उभ्या चाळल्या. एकशे बारावं नाव जरा तिरकं आहे म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा बस वळली.

मग त्यांनी विचारलं, एवढं का? मी भिंतीचं सांगितलं, भाताचं सांगितलं. ते म्हणाले, छप्पर झालं तर मला जायचं काही कारण नाही, पण महापौर कागदावर सही करतील का? मी म्हटलं, छप्पर घालणं माझ्या हातात नाही साहेब, त्याखाली ओरडणं आहे.

इकडे गंमत अशी की माझ्या फलकापायी देशभरचे बातमीदार दानचॉनला आले होते, आणि म्हातारी का चिडली हे शोधताना त्यांनी गळणारं छप्पर आणि खालच्या चौदा बादल्यांचे फोटो छापले. महापौरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. यंदा न जमणारं काम आठ दिवसांत मंजूर झालं.

ओकबुन, तुझी खोली रिकामी राहिली याचं मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. पण आता माझा शनिवार इथेच ठरलेला आहे. ऑक्टोबरपर्यंत सामने नाहीत. पुढच्या सोमवारी येते, चांगले तीन आठवडे राहते. पत्ते पिसून ठेवा. तुझ्या म्हाताऱ्याला सांग, मी लबाडी करते.

ताई

दानचॉन, १३ ऑक्टोबर

चि. सौ. ओकबुन हिस, आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सामन्याला यायचे आणि म्हाताऱ्याचा गुडघा ऐन वेळी सुजायचा होता! तुझ्या खुर्चीवर मी पिशवी ठेवली आणि कुणालाही बसू दिलं नाही. नवं छप्पर बघ एकदा येऊन. बाहेर धो धो पाऊस, आत एक थेंब नाही. सवयीनं फिलसुन छत्री घेऊन आली होती, ती तिनं पंचावर रोखायला वापरली. मा साहेब आले होते. लांबूनच मान लववली. मी फलक आणला नव्हता तरी त्यांनी आधी माझे हात बघितले.

सामना हरलो. बावीस गुणांनी. एकट्यानं निवांत उभं राहून टाकायचे चेंडूसुद्धा आमच्या लंबूला टाकता येत नव्हते, मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटचा भोंगा झाला तरी कुणी उठेना. पाच हजार माणसं नुसती बसून होती, आणि मैदानात खेळाडू माना खाली घालून उभे. मग कुणीतरी टाळी वाजवली. हरले गं, पण इथे हरले. घसा पार बसलाय, म्हणून आज गप्प बसून पत्र लिहितेय.

पुढच्या शनिवारी परत सामना आहे. गुडघा बरा कर आणि दोघं या. जीव लावत राहा, मी इकडे आहेच.

तुझी जॉमसुनताई