पॅक वाळेपर्यंत

१८ जुलै

वीसपैकी चार! फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत चार! लेखीत वर्गात पहिली आणि बोलायला उभी राहिले की त त प प. मादाम चष्मा काढून म्हणाल्या, “तू लिहितेस तेव्हा हुशार मुलगी असतेस. बोलतेस तेव्हा कुठे जाते ती?”

मला काय माहीत कुठे जाते! समोरच्याचं तोंड हललं की माझं बंद होतं. समोरचा आता हसणार, चूक काढणार, या भीतीने शब्द घशातच बसतात.

डिसेंबरात मुख्य तोंडी परीक्षा. आमच्या तिसऱ्या वर्षातून एकालाच वर्षभर तिकडच्या विद्यापीठात पाठवणार. सगळा खर्च त्यांचा. मला ती जागा हवी आहे. इथे तरी खरं लिहिते - हवीच आहे.

१९ जुलै

आईला चार मार्क सांगितले. तिने एका बाईच्या भुवईवरचा दोरा न थांबवता विचारलं, “चारच्या चार ना?”

२६ जुलै

युरेका! (हे फ्रेंच नाही, पण चालेल.)

आईच्या पार्लरमध्ये गर्दी होती म्हणून तिने मला चेहऱ्याचा पॅक लावायला बसवलं. खुर्चीत बँकेतल्या काकू. आईचा नियम कडक - पॅक वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, नाहीतर भेगा पडतात. काकू एरवी तोंडाचा पट्टा थांबवत नाहीत. आज मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प! डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. मला वाटलं, यांच्याशी फ्रेंच बोलले तर? या हसणार नाहीत, चूक काढणार नाहीत, उठून जाणारही नाहीत.

बोलले. हवा, बस, कॉलेजचं कँटीन, काय वाट्टेल ते. पॅक वाळेपर्यंत अडखळले नाही! तोंड धुतल्यावर काकू म्हणाल्या, “कळलं काही नाही, पण झोप छान लागली.”

११ ऑगस्ट

आता रोज संध्याकाळी माझा तास. आईला विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, “मला ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाईक पळालं नाही म्हणजे झालं.”

उलट गिऱ्हाईक वाढलंय. परवा एक बाई फोनवर विचारत होत्या, “ते परदेशी बोलण्यासकटचं फेशियल आहे का?”

मधल्या वेळात स्पीकरवर माझे फ्रेंचचे धडे चालू. पहिल्या वर्षापासून हेच चाललंय, आईची गाणी बंद. तिला एक धडा तेवढा आवडतो - एका माणसाचा नळ गळतो आणि प्लंबर येतच नाही. तो लागला की ती आवाज वाढवते. म्हणते, “बिचाऱ्याचं दुःख सूर लावल्यासारखं वाटतं.”

२ सप्टेंबर

फ्रेंचमध्ये बोलण्याचा मोठा फायदा - वाट्टेल ते बोलता येतं! आज बँकेतल्या काकूंना आईबद्दल सांगितलं. ती हट्टी आहे. केर काढताना गाते तेव्हा गळक्या नळासारखी वाटते. आई शेजारी एका बाईच्या हातांना वॅक्स करत होती आणि मी हे सगळं तिच्यादेखत बोलले! हसू आवरेना.

१५ सप्टेंबर

सराव परीक्षेत धडाधडा बोलले. थांबलेच नाही. वाटलं, मादाम टाळ्या वाजवतील.

मादाम म्हणाल्या, “मी दोनदा प्रश्न विचारला. तू ऐकलाच नाहीस. समोर भिंत आहे की माणूस?”

आली का पंचाईत! गप्प माणसांशी बोलून बोलून मला समोरचाही बोलतो याचाच विसर पडला. मादामना सगळं खरं सांगितलं, पॅक, काकडी, सगळं. त्या इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मग म्हणाल्या, “समोरचा थांबला तर तू त्याला पुढे ढकल. ‘ए आप्रे?’ एवढं विचार.” म्हणजे ‘आणि मग?’ त्या स्वतः वर्गात प्रत्येक वाक्यानंतर हेच विचारतात.

आता मी बोलता बोलता थांबते, काकूंना ‘ए आप्रे?’ विचारते. काकू पॅकखालून अंगठा वर करतात. संवाद!

४ ऑक्टोबर

आज बोलता बोलता खरं बाहेर पडलं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी गेले तर आई एकटी. दिवसभर उभी असते, रात्री गुडघा शेकते, आणि ‘दुखतंय’ म्हणून कधी तोंडातून काढत नाही. मावशी आली असती तर मी निर्धास्त गेले असते. पण दोघी बहिणींचा छत्तीसचा आकडा. आजोबांच्या शिवणयंत्रावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद, आणि आई काही आधी फोन करायची नाही. म्हणून जागा मिळाली तरी मी नाही म्हणणार आहे.

हे सगळं काकूंच्या काकडीच्या चकत्यांना सांगितलं. मराठीत कुणालाच सांगितलं नसतं. आई शेजारच्या खुर्चीजवळ कात्री पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

१३ ऑक्टोबर

दारात मावशी! दोन बॅगा, एक कुंडी आणि काखेत उशी!

“तुझ्या आईचा फोन आला. गुडघा दुखतोय म्हणाली. चाळिशी लागल्यापासून पहिल्यांदा काहीतरी दुखलं म्हणून कबूल केलं, म्हणून आले.”

आईला विचारलं, हे एकदम कसं काय सुचलं? “गुडघ्याला विचार,” म्हणाली.

१४ ऑक्टोबर

चहात साखर किती यावरून दोघींचं भांडण. सकाळी सातला! संध्याकाळी मात्र दोघी एकाच उशीला टेकून टीव्ही बघत होत्या. मावशी गल्ल्यावर बसते, फोन घेते, उधारीवाल्यांना एका नजरेत सरळ करते.

१२ डिसेंबर

झाली परीक्षा! मादाम आणि बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई. विषय - ‘तुमच्या घरातली एक व्यक्ती.’

आईबद्दल बोलले. भुवयांचा दोरा धरून धरून झिजलेले तिचे दात, तिचे नियम, तिचा गुडघा. बाई मधेच थांबवून विचारत होत्या आणि मी ऐकत होते, उत्तर देत होते, उलट विचारत होते! मग गळक्या नळाचं सांगितलं. बाईंच्या ओठांचे कोपरे हलायला लागले आणि सवयीने माझ्या तोंडून फ्रेंचमध्ये निघून गेलं - “हसू नका, पॅकला भेगा पडतील!”

बाईंनी गालाला हात लावून पाहिला. मादामनी टेबलावर डोकं टेकलं, खांदे गदागदा हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, देव जाणे.

२० डिसेंबर

मिळाली. जागा मला मिळाली! मादामचा फोन. हो की नाही ते उद्या कळवायचं आहे.

घरी कुणाला बोलले नाही. पार्लर बंद करताना आई अचानक खुर्चीत बसली. म्हणाली, “आज मला लाव पॅक.” इतक्या वर्षांत तिने स्वतःला कधी लावला नाही! मावशी बाहेर शटरशी झटापट करत होती.

लावला. काकडी ठेवली. आणि मला राहवेना. तिला सगळं फ्रेंचमध्ये सांगितलं. जागा मिळाली. जायचंय, खूप जायचंय. पण तुला सोडून जायची भीती वाटते. मावशी किती दिवस टिकेल? उद्या मी मादामना ‘नाही’ म्हणून सांगणार आहे. बोलता बोलता रडू आलं, म्हणून पॅकची वाटी धुवायच्या निमित्ताने आत आले. आतच बसून लिहिते आहे.

२० डिसेंबर, थोड्या वेळाने

बाहेर आले तर आईने डोळ्यांवरची काकडी काढलेली. पॅक अर्धा ओला. तिने तिचाच नियम मोडून तोंड उघडलं, हनुवटीवर भेगा पडल्या.

“ए आप्रे?”

“तुला फ्रेंच कळतं?”

“तीन वर्षं कानावर पडतंय. मी काय भिंत आहे? गुडघ्यासाठी बोलावलंय होय मी त्या भांडकुदळीला? आणि गळका नळ कोण गं?”

मग माझा हात धरून, आवाज खाली आणून म्हणाली, “उद्या मादामला काय सांगणार, ते आधी मला सांग. फ्रेंचमध्ये सांग, मावशीला कळायला नको.”

सांगितलं. जाते म्हणून.