चिंगीच्या दुधात बेदाणे

४ मार्च
बेदाणा शेडमधला नवा माल आज उतरला. दरवर्षी सासूबाई पहिली मूठ चिंगीपुढं ठेवतात, ती नुसती हुंगून निघून जाते. मांजर उंदरांपासून माल राखतं, म्हणून पहिला मान तिचा! पण गेल्या महिन्यात लस टोचायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलंय — केळं, कलिंगड चिमूटभर चालेल, द्राक्षं-बेदाणे अजिबात नकोत. मूत्रपिंडं निकामी होतात म्हणे. जेवताना सगळ्यांना सांगितलं. विश्वजीत हसला, माझी बायको असून, तासगावात राहून द्राक्षाला विष म्हणतेस! सासूबाई मात्र लगेच म्हणाल्या, "बरं बाई, औंदा दूध ठीवू."

७ मार्च
व्यापाऱ्याला नमुन्यात मांजराचे केस सापडले. माल परत. विश्वजीत दिवसभर धुमसत होता. चिंगीला कुठंतरी लांब सोडून ये म्हणाला. मी म्हटलं, मग उंदीर तू धर.

९ मार्च
चिंगी सकाळपासून ओकतेय. आणि ओकारीत काय — कुस्करलेले बेदाणे, दुधात कालवलेले! तोंडावर 'बरं बाई' आणि माझ्यामागं हे! इतका राग आला. सासूबाईंना नाही नाही ते बोलले. देवापुढं उभं करून शपथ घ्यायला लावली.
"म्या न्हाई गं," एवढंच म्हणाल्या. माझा नाही विश्वास बसला.
विश्वजीतनं लगेच गाडी काढली. दवाखान्यात माझा हात धरून बसला होता. या घरात माझं म्हणावं असं एवढंच माणूस.

१० मार्च
सलाईन चालू आहे. लघवी होत नाही.

११ मार्च
सासूबाईंशी अबोला. त्यांच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. विश्वजीत म्हणतो, "जाऊ दे, म्हातारं माणूस हाय." केवढं मोठं मन याचं! मला नाही जमत. ज्यांना आई म्हटलं त्यांनीच केसानं गळा कापला.

१२ मार्च
चिंगी गेली. बागेच्या बांधाला पुरली. खड्डा विश्वजीतनंच खणला.

१४ मार्च
दवाखान्याचा पिंजरा परत द्यायला गेले होते. डॉक्टर हळहळले. म्हणाले, "तुमच्या मिस्टरांनी किती काळजी घेतली हो! आठवड्यापूर्वीच फोन केला होता — मांजराला किती बेदाणे बाधतात, दुधातून गेले तर काय होतं, सगळं विचारून घेतलं."