नारळाआधी आलेली तार

गुरुवार, १८ नोव्हेंबर १९५४

आज हसू आवरत नाही. सोमवारी रात्री ह्यांनी सुधाकरला मुंबईत विमानात बसवून दिलं. पोरगं लंडनला पोचल्याची तार काल दुपारीच आली, आणि हे मात्र आज संध्याकाळी घरी! वाटेत नृसिंहवाडीला मुक्काम केला म्हणे. आज सकाळी दत्ताला नारळ वाढवला, विमान सुखरूप उतरू दे म्हणून.

मी तार पुढं केली, तर केवढ्या ऐटीत म्हणतात, "बघ! नारळ वाढवला आणि पोचला की न्हाय?"

तार कालची आहे, सांगू का? नको. किती दिवसांनी पोटभर जेवले.

आणि मी तरी कशाला हसते? काल तार उशाशी ठेवून झोपताना मीही म्हटलंच की, अंबाबाई, विमान नीट उतरू दे.