वर धरलेला हात

चिमणे,

मी दुपारपाळीला निघाले. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. बुटांत रद्दी कोंबून ते पंख्याखाली ठेवलेत. पुरते वाळल्याशिवाय घालू नकोस, त्यांचे तळ आधीच गुळगुळीत झालेत. गुडघ्याला मलम लाव. लपवलंस, पण मला डोळे आहेत.

काल सकाळपाळी संपवून येताना तुला पाहिलं. गोदामामागच्या त्या भिंतीवर, भर पावसात. माझा जीव टांगणीला लागला, पण हाक मारली नाही. दचकून पाय सटकला असता तर? छत्री घेऊन उभी राहिले.

उडी छान मारलीस. आणि मग वळून भिंतीकडे हात वर धरलास. तुझं नि दादाचं ठरलेलंच होतं ना, आधी उतरेल त्याने मागच्याला हात द्यायचा. दादा जाऊन वर्ष होत आलं, तरी कितीतरी वेळ तुझा हात तसाच वर, पावसात.

मला पुढे येववलं नाही. घरी आल्यावर चिखलाच्या पायांवरून तुझ्यावर खेकसले, ते त्यामुळेच. दादाला तापाने नेलं, भिंतीने नाही. म्हणून भिंतींवरून उड्या मारायचं तुझं ते पार्कूर बंद कर, असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

उद्या मला सुट्टी आहे. पाऊस असला तरी मी येणार. भिंत काही मला जमायची नाही, बाजूच्या पायऱ्यांनी उतरेन. माझे गुडघे तुला माहीत आहेत, वेळ लागेल. तोवर हात खाली घेऊ नकोस.

आई