आकाइतीचं पांघरूण

१२ ऑगस्ट, मंगाया बेट
पोचले एकदाची! ऑकलंडची थंडी मागे टाकून आले आणि उतरल्या उतरल्या गळ्यात तीन हार पडले. माझ्या आजीची धाकटी बहीण, तुआइने, न्यायला आली होती. वय अडुसष्ट, चाल अजून तरतरीत. मला कुशीत घेण्याआधी तिने गोधडीच मागितली. पांढऱ्यावर लाल जास्वंदींची आमची तिवायवाय, इथल्या पद्धतीची हातशिवणीची गोधडी. माझी तेपाएरु आजी गेली आणि ती माझ्या वाट्याला आली. पण कुणी शिवली, कुणासाठी, हे आजीने मरेपर्यंत सांगितलं नाही. वंशावळ लावून तेवढं शोधायचंच, म्हणून रजा टाकून आले आहे. जेवायला तारोचे कंद आणि नारळाच्या दुधातले मासे. पोट तुडुंब.

१३ ऑगस्ट
अंगणात घरच्यांची थडगी आहेत, आत खोल पोकळी आणि वर दगडी झाकण. मधलं आकाइतीचं, आजीच्या सगळ्यांत थोरल्या बहिणीचं. या बहिणीबद्दल आजी कधी चकार शब्द बोलली नव्हती.
गोधडीला आतल्या बाजूने दहा चिरा दिसल्या, बोटभर लांबीच्या, पाच-पाचच्या दोन ओळी. दुपारी बसून नीट शिवून टाकल्या.

१४ ऑगस्ट
त्याच दहा चिरा पुन्हा उसवल्या. पुन्हा शिवल्या. तुआइने आजी बघत होती, हसत होती.

१५ ऑगस्ट
चर्चच्या नोंदवहीत सापडलं. आकाइतीचं दफन, ३ मे १९५७. तेपाएरुचं लग्न रारोटोंगा बेटावर, ७ मे. माझ्याजवळच्या लग्नाच्या फोटोत आजीच्या खांद्यांवर हीच गोधडी आहे.
तुआइने आजीला विचारलं. ती म्हणाली, आईने ती आकाइतीसाठी शिवली होती. आकाइती तापाने गेली, तेव्हा तिला त्या गोधडीतच गुंडाळून पुरलं.
मग गोधडी लग्नात कशी आली? तुआइने आजी तारो सोलत राहिली.

१६ ऑगस्ट
आज बोलली. अगदी शांतपणे.
तेपाएरुला गोधडी हवी होती. दफनाच्या दुसऱ्या दिवशी घरचे सगळे चर्चमध्ये असताना तिने थडग्याचं अजून न लिंपलेलं झाकण सरकवलं. सहा वर्षांची तुआइने केळीआडून बघत होती. आकाइती मेली नव्हती. तिने पाणी मागितलं. तेपाएरुने तिच्या दहाही बोटांतून गोधडी ओढून घेतली, झाकण लावलं आणि रारोटोंगाची बोट पकडली.
मी विचारलं, तू कुणाला का नाही सांगितलंस?
"सांगितलं तर तुलाही आत घालीन म्हणाली. तेपाएरु गेल्यावर मी थडग्यापाशी जाऊन बसायचे. दोन दिवस आकाइती ओरडत होती गं, दगडाला कान लावला की ऐकू यायचं. मग थांबली."

१७ ऑगस्ट
गोधडी परत द्यायची. तुआइने आजीचे दोन्ही मुलगे थडग्याचं झाकण काढणार आहेत. तिचं म्हणणं, घेणारीच्या रक्ताच्या माणसानेच आत उतरून ती आकाइतीच्या अंगावर घालावी. मी हो म्हटलं. तेवढं तरी—

१७, दुपार
सांगाडा झोपलेला नव्हता. बसलेला. दोन्ही हात वर—
मी तिच्या अंगावर गोधडी घालत होते. वर अंधारलं. दगड घासल्याचा आवाज—
हाका मारल्या. वरून तुआइने आजी म्हणाली, "तेपाएरुची वाट बघितली बासष्ट वर्षं. ती नाही आली, पोरी. तू आलीस."
पावलं गेली.

फोनच्या उजेडात लिहितेय, रेंज नाही. वही खिशातच होती. वर कुणीतरी ऐकेल—

ऐकतेय. तुआइने आजीच बसलीय वर. गुणगुणतेय.

पाणी मागितलं. गुणगुणणं चालूच.

उजेड थोडाच—

गोधडी हलली. मी नाही हल

टाके तुटताहेत. एक. दोन. आतून कोणाची तरी बो